फ्लोरा फाउंटनसमोरचा पांढरा शर्ट

अहो, परवा आमच्या देवळालीच्या घरी काय झालं ते सांगते. कुणा परदेशी पाहुण्यानं पन्नास वर्षांपूर्वी हौसेनं मुंबईचे रस्ते टिपले होते. ती फिल्म मी सासूसासऱ्यांना मोबाईलवर दाखवत होते. दोघं लग्नानंतर एकदाच, त्याच सुमारास, मुंबईला गेलेले. फ्लोरा फाउंटन आलं आणि सासरे एकदम ओरडले, "थांबव, थांबव! रस्ता ओलांडतोय ना पांढऱ्या शर्टातला, त्यो मीच हाय!"

मला हसू आलं. "मामा, त्याचं तर तोंडही दिसत नाही."

"मग चाल बघ की माझी!"

नुसत्या चालीवर कोण विश्वास ठेवणार? मामा अगदी हिरमुसले. तेवढ्यात सासूबाईंनी चष्मा पुसला आणि त्या म्हणाल्या, "परत लाव गं."

मी परत लावलं. त्यांनी मोबाईल डोळ्यांशी नेला.

"व्हय, हेच हायेत. हे मागं न बघता चाललेत, आन् दोन पिशव्या घेऊन गाड्यांमधनं यांच्या मागं पळतीय ना, ती मी हाय."

मला वाटलं, मामा आता तरी ओशाळतील. पण मामांनी खुशीत टाळी वाजवली.

"बघ! मी म्हनलं नव्हतं का?"