गादीखालचं पानी

अगं इकडं ये, जवळ बस, तिथं उंबऱ्यात काय बसलीस परक्यावानी, दोन वर्षं शेजारी ऱ्हाऊन अजून लाजतीस व्हय, आन् मला मोठ्यांदा बोलता येत न्हाई, आत कमल पालथी पडलीय, तिचे कान लई तिखट हायेत. तुझी बदली झाली श्रीरामपूरला, हे मला नळावर दुसऱ्याच्या तोंडून कळावं? मास्तरीन झालीस म्हनून म्हातारीला सांगायचं न्हाई का? बरं, गादीचं लिहून घ्यायला वही आनलीस ना, मग लिही. पन हे लिव्हलेलं कमलला वाचून दाखवू नको, एवढं आधी कबूल कर.

मी मूळची राहात्याची. बाप नवारीच्या बाजा विणायचा, मी त्याच्या हाताखाली नवार ताणून धरायचे, म्हनून बोटं ही अशी वाकडी. लगीन होऊन श्रीरामपूरला आले, तिथं ह्यांचं ट्रकच्या गाद्या शिवायचं दुकान. शाळा मी बघितली न्हाई, पन ह्यांच्या शेजारी बसून काथ्या पिंजता पिंजता गादी शिकले. मानूस गादीवर कुठं टेकतो, कुठं घामेजतो, ते फाटकी गादी उसवली की कळतं, तिथला काथ्या काळा पडलेला असतो. हे मला म्हनायचे, तू मानसाची पाठ डोळं झाकून वळखशील. वळखली बरं का. लई चांगली वळखली.

हे गेले, आन् मी लेकीला, कमलला घेऊन इथं पारनेरला भावाजवळ आले, टपरी टाकली, सायकलीच्या, टांग्याच्या, जीपच्या गाद्या शिवू लागले. मग आलं बाहत्तर साल. काय सांगू तुला, हिरीत उतरून वाटीनं पानी भरायचो. गाद्या कोन शिवतंय? कमल दुष्काळी कामावर जायला लागली, एकोणीस वर्षांची, हसायला लागली की सगळी रांग हसायची. तिथं मुरूम खणताना वरची दरड बसली, ती कमरंपातुर गाडली गेली. काढली जित्ती, पन कमरंखाली काय कळंना. चिमटा घेतला तरी न्हाई, सुई टोचली तरी न्हाई.

नगरच्या डाक्टरांनी सांगितलं, दर पंधरा दिवसाला आना, आन् बाई, एक ध्यानात ठेवा, हिची पाठ गार ऱ्हायला पायजे, कोरडी ऱ्हायला पायजे, हिला दुखत न्हाई म्हनून हिचं दुखनं तुमाला बघावं लागंल. पहिल्या खेपेला रहिमच्या जीपमधून आनली. रहिम म्हंजी आपल्या पेठेतला, भाड्यानं जीप चालवतो, मला मावशी म्हनतो. वरून ऊन, खाली रेग्झिन. घरी उतरवायला उचलली तर मांडीचं कातडं रेग्झिनला चिकटून ऱ्हायलं. आन् ही विचारती, आई, का थांबली?

त्या दिसापासून मला दुसरं काय सुचंना. कामावर एक मोठा सायेब यायचा, त्याच्या मोटारीत म्हनं गार हवेचं यंत्र हुतं, काचा लावून आत बसायचा. मी रहिमला म्हनलं, आपल्याला यंत्र नको, वारा तर फुकट हाय, जीप पळती तेव्हा तो येतोच की, फकस्त त्याला गादीखालून न्यायचा. रहिम म्हनला, मावशी, उन्हानं तुमचं डोस्कं फिरलंय. पन सीट काढून दिली त्यानं.

मग मी रॉकेलचे डबे कापून पत्र्याची पेटी करून घेतली. बाजूनं बाहेर नरसाळ्यावानी तोंड काढलं, वारा धरायला. तोंडाशी वाळ्याची ताटी, पेटीच्या बुडाला घागरभर पानी, ताटीचं बूड त्यात बुडलेलं. वर गादी न्हाईच, नवार विणली, बापानं शिकवली तशी, पन सैल, बोट जाईल एवढी भोकं ठेवून. पहिल्यांदा लाकडाची चौकट केली तर ती वलीनं फुगली, म्हनून लोखंडी पट्टी लावली. ही लोखंडी पट्टी ध्यानात ठेव.

आधी मी सोता बसून नगरपातुर गेले. अगं, खालून असा गार वारा, वाळ्याचा वास, आन् लुगडं कोरडं! मी त्या जीपमधी रडले. रहिमनं बघितलं आन् म्हनला, मावशी, हे समद्या गाड्यांना बसवू, नगरला दुकान टाकू, पाटीवर माझं बी नाव लिवा. पानी मात्र लागायचं. टँकरमागं रांगेत उभी ऱ्हायले की बाया म्हनायच्या, मानसांना प्यायला न्हाई, आन् हिची गादी घागर पिती, गादीचं लगीन बिगीन हाय का गं म्हातारे? मी माझ्या वाट्याचं, न्हायचं-धुयाचं, समदं त्या पेटीत घालायचे. तीन खेपा केल्या. डाक्टर म्हनले, जखम भरत आली, काय केलं बाई तुमी? मी म्हनलं, काय न्हाई, वारा घातला.

चौथी खेप. भाळवणी मागं पडलं आन् चढाला जीपमधून वाफ निघाली. इंजनात पानी न्हाई. प्यायची कळशी रहिमनं आधीच वतली हुती. आजूबाजूला काळा खडक, ना हीर, ना झाड, ना मानूस. रहिम लांबच्या वाडीवर जाऊन आला, हात हालवत. उन्हात कमलचा चेहरा लाल झाला हुता. मग तीच म्हनली, आई, माझ्या बुडाखाली घागर हाय की, ती पाजा गाडीला, मला काय कळतंय गार आन् गरम, आन् हसली. रहिम बी हसला. मी बी हसले गं. आन् ह्या हातांनी पेटीचं बूच काढलं, पानी वतून घेतलं, इंजनाला दिलं. गाडी चालू झाली. मला बरं वाटलं बघ, माझ्या गादीनं गाडी वाचवली.

त्या पेटीखालून सायलेन्सरची नळी जाती. पानी हुतं तवर पत्रा गार हुता. कोरडी पेटी मी कधी बसून बघितलीच न्हाई. पानी घालून बघितली, एकदा, दोनदा, धा येळा. कोरडी न्हाई. समदा रस्ता ती बोलत हुती, नगरला गेल्यावर उसाचा रस प्यायचा म्हनत हुती, आन् मी तिच्या डोक्यावर पदर धरून बसले हुते. पदर डोक्यावर! दवाखान्याच्या दारात उचलली तर करपल्याचा तो वास आला. लोखंडी पट्टीची रेघ दोन्ही मांड्यांवर, वीतभर, आतपातुर. तिनं विचारलं, आई, का थांबली?

मी सांगितलं, काय न्हाई, जुनीच जखम हाय, उघडली. डाक्टरांनी माझ्याकडं बघितलं आन् मलम लावाया घेतलं.

रहिमला माहीत हाय. तो ती गादी परत जीपमधी घेईना, मीबी घे म्हनले न्हाई, ती मागल्या परसात पालथी पडलीय, कोंबडी बसती तिच्यावर. कमल मात्र आल्यागेल्याला सांगती, माझ्या आईनं गार गादी केली, सायबाच्या मोटारीतबी तशी न्हाई. लोकं माझ्याकडं येतात, आमाला बी करून दे म्हनतात. मी म्हनते, मला जमत न्हाई आता, बोटं चालत न्हाईत. त्या रेघा भरल्या न्हाईत. आता हाडापातुर गेल्यात. डाक्टरांनी आना म्हननं सोडून दिलंय. ती म्हनती, बरी झाले की मला आपल्या गादीवर बसवून नगरला ने, उसाचा रस ऱ्हायलाय.

ऱ्हाऊ दे, पूस डोळे, ती आवाज वळखंल. जा, तिला भेटून ये. गादीचं काढलं तर म्हन, लई गार हुती. आन् श्रीरामपूरला गेलीस की दिवाळीच्या सुट्टीची वाट बघत बसू नको, पोरी. पहिल्या रविवारी एस्टी धर आन् ये. येताना बाटलीत थोडा रस आन. लवकर ये.