घोडे धरणाऱ्याचा पाय

मी, सर्वजण मला चित्रवाले काका म्हणतात, वय ४९ वर्षे, व्यवसाय संग्रहालयात दालनरक्षक, राहणार संग्रहालयामागील कर्मचारी चाळ, खोली सहा, आज स्वतः ठाण्यात येऊन देवाला स्मरून सांगतो की,

मी बावीस वर्षे या नोकरीत आहे. शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत. तिसऱ्या दालनात सैनिकांचे एक चित्र आहे. चारशे वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेले, आकाराने वहीएवढे. सैनिक एक घर लुटत आहेत. कोठाराच्या छपरातून धूर निघतो आहे. कोठाराच्या दारापाशी एक शिपाई दोन घोडे धरून, मान फिरवून उभा आहे. मी लोकांच्या हातात भिंग देऊन सांगत असे की, याने काही केलेले नाही, याने लाजेने तोंड फिरवले आहे. हे मला कोणी शिकवले नव्हते. मला तसे वाटत असे.

काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सत्तरीचे एक निवृत्त सुभेदार एकटे आले. सफाईच्या मावशी पाण्याची बादली घेऊन चित्रांच्या काचा पुसत होत्या. दालनात इतर कोणी नव्हते. सुभेदार हसून म्हणाले, "अहो काका, सगळी पलटण डावखुरीच भरती केली होती की काय?" मी सांगितले की, पत्र्यावर उजव्या हातात कोरलेली तलवार कागदावर डाव्या हातात उमटते. मग नेहमीप्रमाणे घोडेवाल्याचे सांगितले. सुभेदार बराच वेळ भिंगातून पाहत राहिले. म्हणाले, "खरं बोललात. मीही असाच. आमच्या पलटणीनं नदीपलीकडची वस्ती जाळली तेव्हा मी नुसती गाडी सांभाळली. कुणाला बोटसुद्धा लावलं नाही."

मावशी त्याच वस्तीतल्या. त्यांची आई व धाकटा भाऊ त्या आगीत गेले, हे मला माहीत होते. त्या म्हणाल्या, "काका, ही काच रोज मी पुसते. तुम्ही त्याचं तोंड बघत बसता. जरा पाय बघा की."

मी भिंग घेऊन पाहिले. शिपायाचा मागचा पाय कोठाराच्या दाराला रेटलेला आहे. दाराच्या फटीतून चार बोटे बाहेर आली आहेत. बावीस वर्षांत मला ती दिसली नव्हती.

मावशींनी सुभेदारांना विचारले, "आमच्या घराला बाहेरून कडी कुणी घातली?"

"हुकूम होता, बाई."

"हुकूम नाही विचारला. हात कुणाचा होता?"

सुभेदारांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिले.

मावशींनी चित्रांपुढे आडवी दोरी लावायचा छोटा लोखंडी खांब उचलला. पहिला फटका त्या मनगटावर बसला, हाड मोडल्याचा आवाज आला. दुसरा कानावर. सुभेदार पडले. पडल्यावरही त्या मारत राहिल्या. चित्राच्या काचेवर रक्त उडाले. सुभेदार "काका, दार उघडा" असे तीनदा म्हणाले.

बाहेर माणसे जमली. पहारेकरी दालनाच्या दाराला बाहेरून धक्के देत होता. दार उघडेपर्यंत आतला आवाज थांबला होता.

सुभेदार पहाटे इस्पितळात वारले, हे मला येथे समजले. दार उघडू नये म्हणून त्याला बादली स्वतःच लावली होती, असे मावशींनी पोलिसांना सांगितले आहे. ते खरे नाही. बादली चित्राखाली होती. मावशी दारापासून तीस पावलांवर होत्या. त्या दाराला कडी नाही. त्याला आतून माझा पाय लावलेला होता.

लिहून घेणारे हवालदार येथे थांबून म्हणाले, "काका, पुन्हा एकदा विचार करा." विचार केला आहे. मजकूर मला वाचून दाखवला, तो मी बोललो तसाच आहे. 'पाय' हा शब्द खोडू नये.