पेटीवर रामभाऊ

अप्पा : नाही म्हणजे नाही, द्वारके! त्यानं गुडघे टेकले, तिथंच आख्यान संपव. तो हुकूम गाळायचा.

द्वारका : म्हणजे अर्धंच कीर्तन करू?

अप्पा : अर्धं कसलं? विली ब्रांट. जर्मनीचा चॅन्सेलर. पोरवयात हिटलरशी वैर घेऊन परागंदा झालेला, हाताला रक्ताचा थेंब नाही. तरी पोलंडात, वॉर्सा शहरात, मारल्या गेलेल्या ज्यूंच्या स्मारकापुढं ओल्या फरशीवर गुडघे टेकतो! मंडपात डोळे पुसतील लोक. तिथंच गजर घे आणि आरती कर.

द्वारका : आणि सव्वा वर्षात त्याच माणसानं राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना घेऊन हुकूम काढला. विचारांचा संशय आला की मास्तरकी बंद, टपालातली नोकरी बंद.

अप्पा : तेव्हा तिकडं बाँब फुटत होते!

द्वारका : पोस्टमनच्या पिशवीत होते का?

अप्पा : जीभ आवर! नारदाच्या गादीवर काय माणसाचं वाईट उगाळायला उभी राहतेस?

द्वारका : वाल्याची गोष्ट सांगताना वाटमारी गाळता का, अप्पा? गाळली तर रामनामाला काम काय उरलं? ब्रांट स्वतः पुढं म्हणाला, तो हुकूम चुकला. त्याला म्हणता आलं, तर आपल्याला सांगायला काय होतं?

अप्पा : ब्रांटचं नाव कशाला घेतेस? मला ऐकवायचंय ना? बोल, तोंडावर बोल!

द्वारका : बोलते. रामभाऊ तुमच्या शाळेत गणित शिकवायचे. आदिवासी वाडीवरल्यांच्या जमिनीसाठी मोर्चात चालले, म्हणून हेडमास्तरांनी शेरा मारला, ‘शाळेस अयोग्य’. हेडमास्तर तुम्ही. पुढं कळंबच्या रिसॉर्टवर त्या माणसानं लोकांच्या पोहण्याच्या तलावातला पालापाचोळा काढला. गणिताच्या मास्तरानं!

अप्पा : वरून दबाव होता! शाळाच बंद पाडली असती त्यांनी. पत्र्याच्या शेडमधून उभी केली मी ती. अख्खं भिसेगाव नाव घेतं माझं!

द्वारका : मीही घेते. फक्त सगळं घेते.

अप्पा : मग मी मंडपात पाऊल टाकणार नाही. दुसरा यजमान शोध!

द्वारका : मध्यंतराला आम्हाला हार कोण घालणार?

अप्पा : घाल स्वतःच्याच हातानं.

द्वारका : माझं राहू द्या. साथीदारांचं म्हणतेय. आज पेटीवर रामभाऊ आहेत.

अप्पा : ठरवून केलंस हे!

द्वारका : नेहमीच्या पेटीवाल्या मनोजला ताप आलाय, हे खरं. रामभाऊंना मी स्वतः जाऊन बोलावलं, हेही खरं.

अप्पा : पेटीवाला खाली बसलेला असतो.

द्वारका : हो.

अप्पा : बसलेल्याच्या गळ्यात हार घालायचा म्हणजे... माझे गुडघे वाकत नाहीत, ठाऊक आहे तुला.

द्वारका : रामरायापुढं वाकतात.

(रामभाऊ पेटी घेऊन दारात येतात.)

रामभाऊ : द्वारकाताई, सूर काळी चारचाच ना? नमस्कार, अप्पा. पार नाक्यापातुर आवाज येतोय तुमचा. कीर्तनाच्या दिवशी भांडण नको. हाराच्या टायमाला तुमी वाकूच नका. मी उठून हुबा राहीन.

अप्पा : नको.

रामभाऊ : अवो, त्यात काय हाय?

अप्पा : नको म्हणतो ना! बसूनच राहा, रामभाऊ. मला खाली यायला वेळ लागेल. तोवर सूर सोडू नका.