नंबर ठोकलेली बाजू

नाही, मला सांगा ना, लोखंडाच्या तुकड्यावर नंबर ठोकला यात माझं काय चुकलं? अहो, फिटरची प्रॅक्टिकल परीक्षा म्हणजे तुम्हाला काय वाटलं... इथं चिठ्ठ्याबिठ्ठ्या नाहीत! इथं पोरं घरून तयार जॉबच, म्हणजे घासूनपुसून केलेला लोखंडाचा तुकडाच, घेऊन येतात, डब्यात, चपातीखाली! आम्ही दिलेला तुकडा खिशात, घरचा टेबलावर, झाले फिटर! म्हणून मी काय केलं, प्रत्येक तुकड्यावर आधीच लोखंडी पंच आणि हातोडीनं नंबर ठोकला. नंबर नाही तर पास नाही! तुम्हाला सांगतो, या जयवंत सरांच्या परीक्षेत कॉपी? नाव काढू नका!

ही गेल्या वर्षीची, सत्त्याण्णव सालची गोष्ट. आमच्या वसईच्या इन्स्टिट्यूटमध्ये वेल्डिंग शिकवणारा इग्नेशियस, जवळच्या गिरीज गावचा, माझा एकुलता एक मित्र. एकुलता एक हं! बाकीचे मास्तर मला बघितलं की स्टाफरूममधून उठायचे... "चला, आले फौजदार!" पण हा बाबा अकरा वर्षं माझ्या शेजारी बसून जेवला. नाहीतर विरारला माझ्या फ्लॅटमध्ये बोलायला आहे कोण? फ्रिज गुरगुरतो, तेवढंच.

तर या इग्नेशियसचा पोरगा निकोलस परीक्षेला. मधेच उभा राहतो, "सर, नंबर आहे ती बाजूपण ड्रॉइंगमध्ये घासायला सांगितलीय..." मी म्हटलं, "तोंड बंद! कानस चालव!" दुपारी जॉब जमा झाले. चोवीस जणांच्या जॉबवर नंबर. निकोलसचा जॉब... काय सांगू, आरसा हो, आरसा! आणि नंबर? गायब! मित्राचा पोरगा म्हणून सोडू? छे! दिला शेरा, 'कॉपी, नापास.' नाव काढू नका!

दुसऱ्या दिवशी ड्रॉइंग समोर घेऊन मार्क द्यायला बसलो आणि... बघतो तर काय! नंबर मीच घासायच्या बाजूवर ठोकलेला! चोवीस जणांनी माझ्या धाकानं ती बाजू तशीच खडबडीत ठेवली. सांगितलं तसं काम केलं ते एकट्या निकोलसनं!

लगेच लिहून दिलं, चूक माझी. निकोलस पास, वर पहिला नंबर! मग तसाच गिरीजला गेलो. इग्नेशियस वाडीत केळींना पाणी लावत होता. म्हटलं, "चुकलं रे माझं." तो वर न बघताच म्हणाला, "तुकड्यावर नंबर शोधलास, ठीक आहे. पण पोराला एकदा विचारायचं तरी होतंस. लहानपणापासून बघतोस ना त्याला?" लाज वाटली हो. खूप लाज वाटली.

आता निकोलस रस्त्यात भेटला तर थांबतो, "सर, कसे आहात?" म्हणतो. इग्नेशियस मात्र वेल्डिंगच्या शेडमध्येच जेवतो. स्टाफरूम अख्खी माझी! खुर्च्या आहेत, पंखा आहे, आणि कॉपी? नाव काढू नका! पोराला काय, एका अर्जावर पास करून घेतलं हो... पण माझी फेरपरीक्षा, ती इग्नेशियस घेतच नाही.