उलटे लावलेले कंद

आखातात, अल कुसैसच्या बसथांब्यावर माझ्यापुढे दोन गृहस्थ उभे होते.

"पोरीकडे, मैथिलीकडे एडिनबराला गेलो होतो ना दत्तू, तिच्या रॉक गार्डनमध्ये सायक्लॅमेन म्हणून फुलझाड असतं, त्याचे कंद मीच लावले. मुळं खाली, आपण लावतो तसे."

"मग?"

"त्या जातीची मुळं वरच्या बाजूला असतात, हबीबी. सगळे उलटे लागले."

"खलास."

"ऐक तर. मी परत आल्यावर जावई म्हणाला, उकरून सरळ करू. मैथिली म्हणाली, बाबांनी लावलेत, हात लावायचा नाही."

"म्हणजे कुजले."

"काल फोटो आला. कडक गारठ्यात दगडांमधून गुलाबी फुलं. देठ खालून वळसा घालून वर आलेत."

"तरी सावंत, तुझं चुकलं ते चुकलंच."

"चुकलंच की. पण पोरगी बघ कोणाची."