तेल वरून येते

ताहेर : बंद करा, बंद करा गाडी! अन् बोनेटले हात नका लावू, भाजन.

महादेवराव : केली बंद. काय झालं, मिस्त्री?

ताहेर : वास नाई आला तुमाले जळलेल्या तेलाचा? कुठून चालवत आणली ही अम्बेसिडर?

महादेवराव : गावाहून. चार कोस हाय. रस्त्यानं दोनदा थांबलो, धूर निघून राह्यला होता. खाली तेलाचे थेंब पडतेत. मले वाटलं, चेंबरचा नट ढिला असन.

ताहेर : सगळ्याईले तेच वाटते. थेंब खाली दिसते म्हणून बिमारी खाली पाहतेत. तेल वरून येते, भाऊ. बसा त्या टायरवर. थंडी होऊ द्या. नाव काय तुमचं?

महादेवराव : महादेवराव. शेती करतो.

ताहेर : गाडी लय दिवस उभी होती वाटते. टायर निरे चिरले.

महादेवराव : सहा वर्सं झाली. गोठ्यामागं ताडपत्रीखाली होती.

ताहेर : अन् आता काहून काढली?

महादेवराव : गोपाल, माझा पोरगा, म्हणते कापसात काही राह्यलं नाई, आपण शाळेच्या पोट्ट्याईची गाडी लावू. सोमवारपासून. गावातले नऊ पोट्टे बसनार हाईत. मी म्हणलं, पहिले दाखवून आणतो.

ताहेर : हे अक्कलीचं काम केलं. नाईतं लोक पोट्टे कोंबतेत अन् गाडीकडं पाहत बी नाईत. थांबा, रॉकेल आणतो.

(इंजिन थंड झाल्यावर ताहेर ते रॉकेलनं धुतो, कोरडं पुसतो, त्यावर अंगाला लावायची पावडर शिंपडतो आणि गाडी सुरू करतो.)

ताहेर : आता पाहा. पांढऱ्या पावडरवर तेल लपत नाई. खालचा नट कोरडा. फिल्टर कोरडा. अन् हे वरचं झाकण, टॅपेट कव्हर. मागच्या कोपऱ्यातून काळी रेघ उतरून राह्यली. दिसली?

महादेवराव : दिसली.

ताहेर : उतरते कुठी, तेबी पाहा. सीधी सायलेन्सरच्या गरम पाइपावर. तुमचा धूर तो. झाकणाखालचं बुचाचं पॅकिंग वाळून पापड झालं. अन् हा ब्रीदर, मैलानं बुजला. इंजिनाले श्वास घेता नाई आला का ते जिथून जमन तिथून तेल थुकते. पण हे आजचं नाई. कडेनं लाल पेस्ट थोपली हाय कोनी. जुनी हाय.

महादेवराव : मीच थोपली होती.

ताहेर : म्हणजे तवाबी गळे?

महादेवराव : गळे. गाडी तापली का धूर निघे.

ताहेर : अन् तसेच फिरले? कमाल करता, भाऊ. बरं, गाडी बंद करा, पाइप लय नाई तापला अजून. मी खाली घुसतो. तो बॅटरीचा उजेड इकडं धरा... अजून. उजेड काहून हटवता?

महादेवराव : नाई, काही नाई.

ताहेर : पाइपावर तेलाची खपली जमली, बोटभर जाड. खरडतो. हे काय हाय आत? कपडा हाय का?

महादेवराव : मिस्त्री, तुमी पॅकिंग तेवढं घाला.

ताहेर : कपडा नाई. बारदान हाय. कापसाच्या बोऱ्याचं. जळून तेलात चिकटलं. अन् त्याच्यात रुई, काळी भुकटी झालेली. भाऊ, ही गाडी पेटत्या कापसाजवळ होती.

महादेवराव : ...व्हय.

ताहेर : कुठी?

महादेवराव : जिनिंगात.

ताहेर : अकोटच्या? त्या रुईच्या कारखान्यात?

महादेवराव : व्हय.

ताहेर : सहा वर्सं म्हणले ना तुमी? महिना सांगा.

महादेवराव : दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते.

ताहेर : उजेड बाजूले घ्या. मले बाहेर निघू द्या... तुमाले माहीत हाय, मी कोण?

महादेवराव : माहीत हाय. जुबेरचे मोठे भाऊ.

ताहेर : चाबी द्या इकडं. द्या म्हणलं! आता बोला.

महादेवराव : त्या साली यार्डात गंजीवर गंजी लागल्या होत्या कापसाच्या. मी नमुन्याचे दोन बोरे गाडीत टाकून नेले. ऊन लय होतं. एका गंजीची सावली पाहली, तिथी गाडी लावली. तुमचा भाऊ तिथी कामाले होता, त्यानं हटकलं मले. काका, म्हणे, गरम गाडी रुईपाशी नका उभी करू. मी म्हणलं, दोन मिनिटाचं काम हाय, भाव पुसून येतो.

ताहेर : अन्?

महादेवराव : दोन मिनिटं कुठची. आलो तं गाडीखालून धूर निघून राह्यला. खाली पडलेलं बारदान वाऱ्यानं पाइपाले चिकटलं असन. मी भेलो. बसलो अन् गाडी काढली. मले वाटलं धूर गाडीचा हाय, गाडीसंग जाईन. फाटकाबाहेर आल्यावर मागं पाहलं.

ताहेर : काय दिसलं?

महादेवराव : जळतं बारदान थोडं मागंच पडलं असन, गंजीनं पेट घेतला होता. माणसं पळत होती. जुबेर आतल्या बाजूले पळत होता.

ताहेर : रुई उचलनाऱ्या दोघी बाया आत अडकल्या होत्या, मैनाबाईले उचलून आणलं त्यानं. मंग जयवंताले आणाले गेला. वरचे टिनं दोघाईवर पडले, दोघंबी गेले. अन् पंचनाम्यात काय लिहलं, माहीत हाय? कामगाराच्या बिडीनं आग.

बिल्कीस : त्याईनं बिडी सोडली होती. आमची पोरगी तहरीम झाली त्या दिवशीच.

ताहेर : बिल्कीस! तू कधीपासून उभी हायेस?

बिल्कीस : चहा घेऊन आलती. 'जिनिंगात' ऐकलं अन् इथीच थांबली. तो पाना खाली ठेवा, भाईजान.

ताहेर : तू आत जा.

बिल्कीस : पाना पहिले ठेवा. तुमाले काही झालं तं आत कोण पाहन आमाले?... चाचा, वर पाहा. मी जुबेरची बायको. तुमी मले कधी पाहलं होतं?

महादेवराव : पाहलं होतं, बाई. मय्यतले आलतो मी. कबरस्तानाच्या भिंतीपाशी उभा होतो.

बिल्कीस : म्हणजे लोक काय बोलत होते तेबी ऐकलं असन.

महादेवराव : ऐकलं.

बिल्कीस : अन् घरी जाऊन जेवले?

महादेवराव : ...जेवलो. खोटं काहून बोलू. पहिल्या दिवशी भेव वाटलं. दुसऱ्या दिवशी म्हणलं, उद्या सांगू. मंग महिना झाला, मंग वरीस. नंतर सांगाले तोंडच राह्यलं नाई.

बिल्कीस : माझ्या पोरीले वर्गात 'बिडीवाल्याची' म्हणतेत. जयवंताची सासू मले रस्त्यात पाहून थुकते. मी मान खाली घालून निघून जातो. एखाद्या वेळेस मलेच वाटे, पेली असन का त्याईनं, चोरून? मेल्या माणसावर शक घेतला मी, चाचा. तुमच्यापाई.

महादेवराव : मले शिव्या द्या, बाई.

बिल्कीस : शिव्या देऊन काय होते? एक सांगा. अकोल्यात एवढे ग्यारेज हाईत. इथीच काहून आणली गाडी?

महादेवराव : अकोल्याचा मिस्त्री पॅकिंग बदलून मोकळा झाला असता. पाइप खरडला नसता. गोपालनं पोट्ट्याईचं नाव काढलं तवापासून डोळा नाई लागला माझा. म्हणलं, जुबेरच्या भावानंच पाहावं. मंग त्याले जे करा लागन ते करन.

ताहेर : सीधं तोंडानं सांगता नाई आलं? माझ्या हातून खरडून घेतलं तुमी. माझ्या भावाची आग, माझ्याच नखात!

महादेवराव : तेवढी हिंमत नव्हती, मिस्त्री.

ताहेर : अब्बा पाच वक्त दुवा मागते. मेलेल्याईसाठी, जित्याईसाठी, शेजाऱ्याच्या बैलासाठी बी. फक्त जुबेरचं नाव नाई घेत. म्हणते, त्याच्या बिडीनं जयवंता गेली, मी कोणत्या तोंडानं मागू. सहा वर्सं, महादेवराव!

महादेवराव : मी ठाण्यात चालतो. आत्ता चालतो. लिहून देतो सगळं.

ताहेर : द्या लागनच. ही खपली मी कागदात बांधून ठेवतो. अन् गाडी इथीच राहीन. नवं पॅकिंग घालतो, ब्रीदर साफ करतो, पाइप कोरा करून देतो. तुमच्यासाठी नाई. पोट्ट्याईचा काही कसूर नाई म्हणून.

महादेवराव : मंग ठाण्यात...

बिल्कीस : ठाण्यात जाल. जयवंताच्या घरीबी जाल, मी येतो संग. पण त्याच्या पहिले आत चला.

महादेवराव : आत?

बिल्कीस : चपला इथी काढा, चाचा. अब्बाले कमी ऐकू येते. जोरानं सांगा लागन.