यजमान : मांडवी नदी

अनंत : म्हणजे फेरीचं यजमानपद आमोण्यानं जिंकलं, आणि जिंकलं म्हणून आमोण्याचीच मुलगी बाद?

प्रज्योत : आमच्या चॅनलचा नियम आहे, सरपंचसाहेब. गाण्याची महाअंतिम फेरी ज्या गावात, त्या गावचा स्पर्धक त्या फेरीत चालत नाही. टाळ्यांत पक्षपात होतो.

सत्यवती : माझां समीक्षा पावसापासून मुंबयत गाता. आता फेरी दारात इली, नि ताच गाऊचां नाय?

अनंत : थांब गे सत्यवती. प्रज्योतराव, हे आधी सांगायचं ना! शांतता हवी म्हणालात म्हणून मी गावातली कुत्री सोयऱ्यांकडे पाठवली.

प्रज्योत : कुत्र्यांमुळेच तुम्ही केरीच्या पुढे गेलात.

अनंत : मग समीक्षाला केरीची करू. तिची मावशी आहे तिथं.

प्रज्योत : केरी राखीव गाव आहे. इथं अवकाळी पाऊस आला तर फेरी तिकडे. राखीव गावालाही तोच नियम.

अनंत : मुळगावला माझी बहीण असते...

सत्यवती : चेडू माझां, नि तू ताका गावोगाव वाटतंस?

अनंत : बरं, मग फेरी नदीत घ्या! अलीकडे आमोणे, पलीकडे दुसरा गाव. मधलं पाणी कुणाच्या गावचं? खनिजाच्या बार्जवर रंगमंच बांधू.

प्रज्योत : असं कसं... थांबा, वर विचारतो. (फोनवर बोलून येतो.) मान्य! यजमान, मांडवी नदी. नदीच्या वतीनं शाल कोण घेणार, विचारतायत.

अनंत : मी घेईन. तात्पुरती.

प्रज्योत : दोन अटी. बार्ज आमोण्याच्या काठाला लागता कामा नये. आणि काठावर कर्णे नकोत.

सत्यवती : मगे लोकांनी ऐकूचां कसां?

प्रज्योत : घरी जाऊन, टीव्हीवर.

(फेरीच्या दुसऱ्या दिवशी, सत्यवतीच्या ओसरीवर.)

अनंत : बार्जचा दोर पक्का होता हो! भरतीच तशी आली.

प्रज्योत : आली ती नेमकी समीक्षाच्या गाण्यात. दोन कडवी नदीत झाली, तिसरं आमोण्यात. परीक्षकांनी तिसऱ्याचे गुण कापले. नाहीतर पहिली आली असती, आता दुसरी.

अनंत : नदीवर कारवाई करा.

प्रज्योत : यजमानावर करता येत नाही. सत्यवतीताई, मला खरंच वाईट वाटतंय. तुम्ही टीव्हीवर पाहिलंत ना?

सत्यवती : टीव्हीवर कित्याक? मी काठार उभी होतंय. पयली दोन कडवी वाऱ्यान पलीकडे नेली, कायएक ऐकाक येय नाय. नुसतां तोंड हलताना दिसा. मगे बार्ज सरकत सरकत अशी जवळ इली...

प्रज्योत : म्हणजे कापलेलं कडवं तेवढंच...

सत्यवती : तेवढां सगळां ऐकलंय. आता हळू बोला, भितर निजलां हा तां.